पाचाची जोडी: टेक्लिस, ड्वार्फवाले काका आणि आमच्या ग्रुपमधलं एक प्रकरण

२०११ च्या हिवाळ्यात मी नॉटिंगहॅमला ऑनसाईट होतो तेव्हाची गोष्ट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वॉरहॅमर म्हणजे रंगवलेल्या छोट्या मूर्तींच्या (मिनिएचरच्या) फौजा टेबलावर फाशांनी लढवायचा खेळ, आणि तो बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉपचं हेडक्वार्टर तिथेच, लेंटन भागात. त्यामुळे त्या गावात वॉरहॅमर खेळणारी माणसं आपल्याकडे गल्लीत क्रिकेट खेळणारी पोरं असतात तशी कुठेही सापडतात. आमचा आठ जणांचा ग्रुप होता, दर शनिवारी एका कम्युनिटी हॉलमध्ये सहा बाय चार फुटांची दोन टेबलं लावून बसायचो. वॉरहॅमर फँटसी बॅटलच्या नियमांची आठवी एडिशन तेव्हा जोरात होती.

त्या ग्रुपमध्ये एका स्पेशल कॅरेक्टरवरून, म्हणजे खेळाच्या गोष्टीतल्या, स्वतःचं नाव आणि खास नियम असलेल्या पात्रावरून जे झालं ते सगळं लिहून ठेवतोय, कारण अजूनही कोणी विचारलं की "नाव असलेली कॅरेक्टर आर्मीत घ्यावी का रे" तर मला हेच आठवतं आणि दोन वाक्यांत सांगताच येत नाही.

आधी पात्रं. माझा रूममेट, सांगलीचा, हाय एल्फांची आर्मी खेळायचा. समोर ड्वार्फवाले काका, म्हणजे मी मनात काका म्हणायचो, रिटायर्ड पोस्टमन, साठीच्या पुढचे, १९९३ पासून ड्वार्फ जमवलेले, निम्मी आर्मी जुन्या धातूच्या मिनिएचरची, उचलली की हाताला जड लागते. आणि मी, एम्पायरवाला, म्हणजे माणसांची आर्मी, जो त्या वर्षी सगळ्यांच्या लिस्ट (आर्मीत कोण कोण घेतलं आणि किती पॉइंटचं) तपासायचं काम करत होता. हे शेवटचं लक्षात ठेवा, कारण निम्मी चूक माझी आहे.

रूममेटने टेक्लिसचं मिनिएचर घेतलं आणि चार महिने रंगवत बसला. टेक्लिस म्हणजे हाय एल्फांचा सगळ्यात मोठा जादूगार, टिरिऑनचा जुळा भाऊ. टिरिऑन तगडा योद्धा, आणि हा जन्मापासून आजारी, औषधी काढ्यांवर अंगात ताकद धरून चालणारा. नियमांतही तसंच, टफनेस, म्हणजे मार सोसायची ताकद, फक्त दोन, साध्या माणसाचा तीन असतो. या पोराने टेक्लिसच्या झग्याला जी किनार काढली ती पैठणीच्या पदरासारखी, जांभळ्यावर सोनेरी आणि मध्ये हिरवे ठिपके, तीन केसांचा ब्रश घेऊन रात्री दोन-दोन वाजेपर्यंत. मी चहा करून द्यायचो आणि म्हणायचो झोप आता, तर म्हणायचा, "भावा, एवढा मोर होऊ दे." मोर मिलिमीटरभर होता. भिंग लावल्याशिवाय तो मोर आहे हे कळायचंच नाही. पण होता.

म्हणजे हा माणूस टेक्लिस जिंकायला घेत नव्हता. त्याला ते पात्र आवडायचं, त्याची गोष्ट आवडायची. ही बाजू कोणी ऐकूनच घेत नाही, स्पेशल कॅरेक्टर म्हणलं की समोरच्याला थेट चीटिंगचा वास येतो.

तो वास उगाच येत नाही, त्याला इतिहास आहे. १९९२ ला चौथी एडिशन आली, मग १९९६ ला पाचवी, आणि त्या काळात आर्मीचे निम्मेपर्यंत पॉइंट कॅरेक्टरवर उडवता यायचे, त्यामुळे ड्रॅगनवर बसलेला एक नावाजलेला हिरो टेबलभर फिरायचा आणि बाकीची शंभर माणसं टाळ्या वाजवायला उभी. लोक त्या काळाला हिरोहॅमर म्हणतात ते काय कौतुकाने नाही. म्हणून २००० मध्ये सहावी एडिशन आली तेव्हा लगाम घातला. दोन हजार पॉइंटला एकूण चार कॅरेक्टर, त्यात लॉर्ड, म्हणजे सगळ्यात मोठ्या दर्जाचं पात्र, एकच, आणि नाव असलेली पात्रं घ्यायची तर समोरच्याची संमती पाहिजे. माझ्या मते तो एक नियम सगळ्यात शहाणा होता आणि सगळ्यात जास्त भांडणंही त्यानेच लावली, कारण "नको" म्हणणारा माणूस रडका ठरायचा आणि "चालेल" म्हणणारा अडकायचा. आठव्या एडिशनपर्यंत, म्हणजे २०१० पर्यंत, ही संमतीची भानगडच गेली. आता टक्केवारी. लॉर्ड्सवर जास्तीत जास्त पंचवीस टक्के, हिरोंवर पंचवीस, कोअर, म्हणजे साधं सैन्य, किमान पंचवीस. त्यात बसलं तर घ्या, कोणाला विचारायचं कारण नाही.

दोन हजार पॉइंटची मॅच, म्हणजे लॉर्ड्सना पाचशे. टेक्लिस त्यात बसत होता, जेमतेम, पण बसत होता. मी लिस्ट बघितली, बेरीज केली, टक्के काढले, ओके लिहिलं. काकांना फोन करून "टेक्लिस येतोय" एवढं सांगायचं मला सुचलंच नाही. विचारायची गरज नव्हती हे खरं, पण सांगायला काय जात होतं?

आता टेक्लिस करतो काय ते बघा, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आठव्या एडिशनमध्ये प्रत्येक मॅजिक फेजला दोन फासे टाकायचे, बेरीज येईल तेवढे पॉवर डाइस तुम्हाला, आणि त्या दोनपैकी मोठा आकडा असेल तेवढे डिस्पेल डाइस समोरच्याला. मग स्पेल टाकताना तुम्ही काही फासे टाकता, जादूगाराची लेव्हल मिळवता, आकडा गाठला की स्पेल लागला, आणि समोरचा आपले फासे टाकून तो अडवायला बघतो. फक्त तुमच्या फाशांत दोन सहा आले तर आकडा कमी पडला तरी स्पेल लागतो आणि तो अडवताच येत नाही, त्याला इरेझिस्टिबल फोर्स म्हणतात, जादू अडवायचे स्क्रोल वगैरे काही चालत नाही. पण त्याची किंमत असते, त्याच वेळी मिसकास्ट होतो आणि जादूगाराच्या तोंडावरच स्फोट होऊ शकतो. चार फाशांत किमान दोन सहा येण्याची शक्यता साधारण १३ टक्के, पाचांत २० च्या आसपास. म्हणजे जुगार आहे, पण महागडा जुगार.

टेक्लिसला सहाच पाहिजेत असं नाही. जोडी कुठलीही आली तरी इरेझिस्टिबल. चार फासे टाकले तर दहा वेळांत साधारण सात वेळा काही ना काही जोडी येतेच, पाच टाकले तर बहुतेक वेळा येते. शिवाय तो कुठलीही एक लोअर, म्हणजे जादूची शाखा, निवडून तिचे सगळे स्पेल घेऊन येतो, बाकीचे जादूगार कुठले स्पेल मिळतात ते फासे टाकून बघत बसतात.

आणि समोर ड्वार्फ. ड्वार्फांना जादूगारच नसतात. त्यांची जादूविरुद्धची सगळी तटबंदी म्हणजे डिस्पेल करणं, म्हणजे समोरच्याचा स्पेल अडवणं, त्यात ते खरंच भारी, बोनस असतो, रून (कोरलेली जादूची अक्षरं) असतात. काकांनी त्या तटबंदीवर पॉइंट घातले होते. आणि अडवताच न येणाऱ्या स्पेलसमोर ती सगळी तटबंदी म्हणजे उघड्या दाराला भारी कुलूप.

दुसरी टर्न. पोराने लोअर ऑफ लाइफ घेतली होती. दोन फासे टाकले, चार आणि पाच, म्हणजे नऊ पॉवर डाइस, काकांना पाच अधिक त्यांचं बोनस. त्याने ड्वेलर्स बिलो काढला, लांब पल्ल्याचा, चोवीस इंचवाला, ज्याला एकवीस लागतात. टार्गेट म्हणजे काकांचे चोवीस हॅमरर, म्हणजे हातोडेवाले सैनिक, त्यांच्यात उभा राजा आणि आर्मीचा झेंडा धरणारा थेन, म्हणजे सरदार. पाच फासे टाकले. पाच, पाच, तीन, दोन, एक. सोळा. अधिक लेव्हलचे चार, वीस.

एक कमी.

काकांनी हात पुढे केला डिस्पेल डाइस उचलायला, मग थांबले, कारण स्पेलच लागला नाहीये. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. आणि पोरगा हळूच म्हणाला, सॉरी, पण दोन पाच आहेत.

ड्वेलर्स बिलो म्हणजे जमिनीखालून हात येतात आणि युनिटमधल्या प्रत्येक मॉडेलने स्ट्रेंथ टेस्ट द्यायची, नापास झाला की मेला, चिलखत नाही, वॉर्ड सेव्ह नाही, लुक आउट सर नाही, म्हणजे वाचायची नेहमीची कुठलीच सोय नाही. हॅमररची स्ट्रेंथ चार, म्हणजे पाच-सहा आला की गेला. चोवीसांतले नऊ गेले. थेन वाचला. मग राजासाठी एक फासा, काकांनी स्वतः टाकला, तो टेबलाच्या कडेला जाऊन एका हिरव्या टेकडीला आपटून थांबला. सहा.

काका ओरडले नाहीत. राजाचं मिनिएचर उचललं, फोमच्या डब्यात त्याच्या खाचेत ठेवलं, डब्याचं झाकण लावलं. मग विचारलं, हे तुला आधीपासून माहीत होतं ना, की मी काहीच करू शकणार नाही? पोराला उत्तर देता येईना, कारण खरं उत्तर होतं की हो, पण मी असा विचारच केला नव्हता. मॅच सहा टर्न पूर्ण झाली. काका सगळ्या टर्न खेळले, पण त्यातलं काही कोणाच्या लक्षात नाही.

मग जे व्हायचं ते झालं. पुढच्या शनिवारी ग्रुपने ठरवलं, नाव असलेली सगळी पात्रं बंद. पाच मिनिटांत ठराव पास, मीच हात वर केला पहिला. तेव्हा बऱ्याच टूर्नामेंटमध्येही अशी सरसकट बंदी असायची, आम्ही तेच उचललं, आपलं डोकं लावलंच नाही.

दोन आठवड्यांत कळलं काय केलंय ते. गोब्लिन खेळणारी एक बाई होती, तिची आख्खी आर्मी स्कारस्निकभोवती रचलेली, तो गोब्लिनांचा सरदार आणि त्याचा साखळीला बांधलेला गोब्ला नावाचा स्क्विग, म्हणजे एक दातांचा प्राणी. नवरा-बायकोंनी मिळून केलेला गुहेचा डिस्प्ले बोर्ड होता तिचा, त्यावर मधोमध स्कारस्निकची जागा. ती म्हणाली, मी कधी कोणाला या माणसामुळे हरवलंय का? खरंच नव्हतं हरवलं, ती मुळात कोणालाच फारसं हरवायची नाही, पण तिच्याबरोबर खेळायला सगळ्यांना आवडायचं. आणि दुसरे अडकले ते स्वतः काका. त्यांचा जोसेफ बगमन, दारू गाळणारा ड्वार्फ, ज्याची भट्टी गोब्लिनांनी जाळली म्हणून तो रेंजर घेऊन सूड घेत फिरतो. काकांनी त्याला रेंजरांबरोबर वर्षानुवर्षं खेळवलेलं, आणि ग्रुपमध्ये कोणी बगमनबद्दल ब्र काढलेला नव्हता. टेक्लिसला थांबवायला टाकलेल्या जाळ्यात त्यांचाच बगमन सापडला. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण त्या महिन्यात दोनदा ते आलेच नाहीत.

मग मी रूममेटला घेऊन वॉरहॅमर वर्ल्डला, म्हणजे गेम्स वर्कशॉपच्याच नॉटिंगहॅममधल्या जागेत गेलो आणि काकांना तिथे बोलावलं. तिथल्या बारचं नावच बगमन्स बार आहे, हे मी मुद्दाम निवडलं होतं, काकांना ते लगेच कळलं आणि जरा बर्फ वितळला. तिथे बसून तिघांनी पहिल्यांदा नीट विचार केला की दुखलं नक्की कुठे.

मला जे कळलं ते असं. टेक्लिसचे नियम असलेलं हाय एल्फांचं आर्मी बुक २००७ चं, म्हणजे सातव्या एडिशनच्या काळात लिहिलेलं. तेव्हा मिसकास्ट दोन फाशांवर एक-एक आल्यावर व्हायचा आणि ड्वेलर्स बिलोसारखा स्पेल लोअर ऑफ लाइफमध्ये नव्हताच. त्या जगात "कुठलीही जोडी चालेल" हा नियम जबरदस्त होता, पण जीवघेणा नव्हता, कारण अडवता न येऊनही तो स्पेल काय करणार, थोडेफार मारणार. २०१० ला मूळ नियमपुस्तक बदललं, काही लोअरच्या शेवटी एकेक ब्रह्मास्त्र आलं, आणि जुन्या पुस्तकातला माणूस नव्या जगात येऊन उभा राहिला, त्याचा नियम तोच. म्हणजे भानगड नावाची नव्हती. स्कारस्निक, बगमन, आमच्या एम्पायरचा कार्ल फ्रान्झ, ही पात्रं म्हणजे ठरलेलं पॅकेज, पॉइंट भरा, माणूस घ्या, त्याच्याशी लढायचे नेहमीचेच मार्ग आहेत. फ्रान्झचा हातोडा भयंकर आहे हो, पण त्याला तुमच्यापर्यंत यावं लागतं आणि येताना तोफ खावी लागते. टेक्लिस समोरच्याचं उत्तरच काढून घेत होता. एकाला हरवणं वेगळं आणि त्याला खेळातून उठवून बाजूला बसवणं वेगळं.

काकांचं म्हणणं जरा निराळं होतं आणि खरं सांगायचं तर मला ते माझ्यापेक्षा बरोबर वाटलं. ते म्हणाले, मला तो आहे हे शुक्रवारी कळलं असतं तर मी राजाला हॅमररमध्ये ठेवलाच नसता. एका टोपलीत सगळी अंडी ठेवणं ही माझी चूक, पण टोपलीवर हत्ती बसणार आहे हे कोणीतरी सांगायला हवं होतं. आणि माझ्याकडे बघितलं. मी बियर प्यायलो.

पोराने एक तोडगा काढला, मिनिएचर तेच ठेवतो, झगा मोर सगळं, पण नियम साध्या आर्कमेजचे, म्हणजे बिननावाच्या मोठ्या जादूगाराचे लावतो, नाव दुसरं देतो. काकांनी त्याला साफ नाही म्हणलं. चार महिने टेक्लिस रंगवलास आणि आता त्याला भलताच माणूस म्हणून उभा करणार? मग माझ्या राजाला मारलं कोणी, कुठल्यातरी आर्कमेजने? ड्वार्फ खेळणाऱ्या माणसाचा हा स्वभावच, अपमान झाला तरी नामांकित माणसाकडूनच व्हायला पाहिजे.

शेवटी ठरलं ते असं की बंदी उठवायची, पण लिस्टमध्ये नाव असलेलं पात्र असेल तर पाच दिवस आधी समोरच्याला त्याचं पान दाखवायचं, काय करतो ते सगळं वाचू द्यायचं, आणि समोरच्याने मग आपली लिस्ट बदलली तर तक्रार करायची नाही. फासे फेकल्यावर "अरे याचा असा नियम आहे" हे बंद. टेक्लिसपुरतं वेगळं कलम घालायचं का यावर बराच वेळ गेला. मी म्हणत होतो दर टर्नला फक्त पहिल्या स्पेललाच जोडीचा नियम लावू. काका म्हणाले नको, आधी एकदा माहीत असताना खेळू दे मला.

तर रीमॅच. काकांनी राजाला छोट्या युनिटमध्ये कोपऱ्यात ठेवला, हॅमररची दोन तुकड्यांत विभागणी, आणि मायनर आणले, जे बोगद्यातून टेबलाच्या कुठल्याही कडेने वर येतात. पोराने टेक्लिसला पंधरा धनुर्धाऱ्यांत, सगळ्यात मागे ठेवलं. ड्वेलर्स एकदा लागला, वॉरिअरवर, स्ट्रेंथ तीनची माणसं, वीसातले अकरा गेले, आणि हो, पुन्हा जोडीनेच लागला, पुन्हा काकांचे डिस्पेल डाइस तसेच पडून. पण या वेळी काकांनी खांदे उडवले, कारण त्यांनी ते वॉरिअर त्याच कामासाठी पुढे ठेवले होते.

तिसऱ्या टर्नला मायनर निघाले, बरोब्बर धनुर्धाऱ्यांच्या पाठीमागे. आल्याआल्या चार्ज करता येत नाही, म्हणजे पोराकडे एक टर्न होती. धनुर्धारी वळवायचे की हलवायचे यावर त्याने मिनिटभर विचार केला आणि नाही वळवले, कारण समोर तोफ होती, तिच्यावर स्पेल टाकायचा मोह झाला. मी तिथेच उभा होतो, मला दिसत होतं, पण बोलायचं नसतं. चौथ्या टर्नला मायनर पाठीत शिरले, धनुर्धारी हरले, पळाले, पळायला सहा इंच आले, पाठलागाला आठ. सगळं युनिट गेलं, त्यात टेक्लिसही. टफनेस दोन वगैरे बघायची वेळच आली नाही, पळता पळता गेला. काकांनी टेबलावर वाकून मिनिएचरकडे बघितलं, भिंग मागवलं, आणि विचारलं, हा पक्षी आहे का?

मॅच कोण जिंकलं ते आता आठवत नाही, फरक फार नव्हता.

माझं अजूनही मत आहे की जोडीचा तो नियम आठव्या एडिशनच्या जादूला चालणाराच नव्हता, आधी सांगा किंवा नका सांगू, आणि २०१३ ला हाय एल्फांचं नवीन पुस्तक आलं त्यात त्यांनी टेक्लिसला बदललाच. सांगण्याने काकांचं अर्धं दुखणं गेलं, बाकीचं अर्धं पुस्तक बदलल्यावरच गेलं. आज फँटसी बॅटलच्या जागी आलेल्या एज ऑफ सिग्मारमध्ये नाव असलेली पात्रं युनिक असतात, एकाच आर्मीत दोनदा घेता येत नाहीत आणि त्यांना बाहेरून जास्तीच्या वस्तू चढवता येत नाहीत, संमती वगैरे कोणी विचारत नाही. आणि पुण्यात हल्ली भेटणाऱ्या पोरांना टेक्लिस माहीत असतो तो टोटल वॉर या कॉम्प्युटर गेममुळे, तिथे तो तुमच्याच सैन्याचा मुख्य माणूस असतो, त्यामुळे "त्याला घेऊ का" हा प्रश्नच त्यांना विचित्र वाटतो. घ्या की. फक्त समोरच्याला सोमवारी सांगा.

काकांकडे एक खरीखुरी वही होती, चामड्याच्या पुठ्ठ्याची, ड्वार्फांच्या बुक ऑफ ग्रजेससारखी, त्यात ते प्रत्येक मोठ्या अपमानाची नोंद करायचे, तारीख, कोणी केला, काय केलं. ड्वार्फांच्या गोष्टीत सूड पूर्ण झाला की ती ओळ खोडतात. रीमॅचनंतर त्यांनी वही काढली, आमच्या समोर "टेक्लिस, राजा, दुसरी टर्न, दोन पाच" ही ओळ शोधली, आणि पट्टी लावून नीट खोडली, पण अर्धीच. "दोन पाच" तसंच ठेवलं.